वीतभर वरची रिंग

परभणीच्या बसस्थानकावर पालमच्या गाडीचा कंडक्टर दारातच उभा होता. त्यानं रोलंडला आधी कमरेपर्यंत पाहिलं, मग छातीपर्यंत, मग मान मागं टाकून थेट चेहऱ्यापर्यंत. एवढं झाल्यावर त्यानं मला विचारलं, "बाई, ह्यांचं तिकीट एकच काढायचं ना?"

"एकच," मी म्हणाले. "पण जागा दोन लागतील."

"मागच्या बाकड्यावर मधी बसवा. पाय सरळ सोडू द्या. पर ब्रेक दाबला की पुढं घसरतील, मग मला बोल लावू नका."

पुण्यात माझ्या भिशीतल्या बायकांना मी परभणीला निघालेय असं सांगितलं, तेव्हा एकीनं काळजीनं विचारलं होतं, "का गं, कुणी वारलं का?" आम्हा पुणेकरांच्या डोक्यात मराठवाड्याला जायचं ते लग्नाला, मयताला नाहीतर बदली झाली म्हणून. सहज म्हणून कुणी जात नाही. ज्यांना असं वाटतं त्यांच्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे, तेव्हा त्यांनी जरा सावरून बसावं.

आधी आमची ओळख करून देते. मी शाळेत खेळाची शिक्षिका होते आणि तीस वर्षं बास्केटबॉलची पंच. भल्याभल्यांना शिट्टी मारून बाहेर बसवलं आहे आणि त्यातल्या एकाबद्दलही मला पश्चात्ताप नाही. रोलंड हा अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला व्यावसायिक खेळाडू. उंची सहा फूट नऊ इंच, वय छत्तीस. तिकडच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये त्याला जागा मिळाली नाही, तेव्हा तो बॅग उचलून परदेशी खेळायला निघाला आणि मग तेच त्याचं आयुष्य झालं. लिथुआनिया, उरुग्वे, जॉर्डन, फिलिपाइन्स, आइसलँड. अशा खेळाडूंची एक जमातच आहे. एजंट फोन करतो, सात-आठ महिन्यांचं ठरतं, हंगाम संपला की घरी. पुढच्या वर्षी नवा देश, नवं जेवण, नवा कोच आणि त्याच्या नव्या शिव्या. या खेपेला तो पुण्यातल्या एका क्लबाच्या स्पर्धेसाठी आला होता. त्याची सगळी व्यवस्था क्लबानं माझ्या गळ्यात घातली होती. पहिल्याच दिवशी तो मला "रेफ" म्हणू लागला. खेळाडू पंचाला म्हणतात तसं. मी म्हटलं, बरं आहे, धाक राहील.

स्पर्धा संपली आणि त्याला चार दिवस मोकळे मिळाले. त्याच्या महिनाभर आधीच पालम तालुक्यातल्या एका गावातून कदमसरांचा फोन आला होता. हे कदमसर तिथल्या शाळेत खेळ शिकवतात. तरुणपणी माझ्या शिट्टीखाली खेळलेले, आणि एकदा पाच फाउल होऊन माझ्याच हातून बाहेर गेलेले. तरी माणूस मनात धरून बसलेला नाही. "मॅडम, शाळेत बास्केटबॉलचं ग्राउंड करतोय. पोरींचा संघ हाय. तुमचा अमेरिकेचा पाहुणा उद्घाटनाला आणता का?" पाहुणा किती उंच आहे तेही त्यांनी विचारून घेतलं. रोलंडला विचारलं, तर तो म्हणाला, "चौदा वर्षांत मी विमानतळ, हॉटेल आणि जिम सोडून फार काही पाहिलेलं नाही. चला."

रेल्वेनं सकाळी परभणीला उतरलो. डिसेंबर सरत आलेला, हवेत कोरडा गारठा. स्टेशनबाहेरच्या टपरीवर सुशीला खाल्ली (चुरमुरे भिजवून, फोडणी देऊन केलेली इथली न्याहारी). रोलंडनं तीन प्लेटी संपवल्या आणि हे पदार्थाचं नाव आहे की बाईचं, असं विचारलं. दोन्हीचं, मी सांगितलं. बसस्थानकाकडे जाताना रिक्षावाल्या चाचांनी आरसा वाकडा करून त्याला नीट न्याहाळलं.

"अम्मा, इनो कौन गाँव के?"

"अमेरिकेचे."

"वो तो दिख रा. अमेरिका में कौन गाँव?"

मी रोलंडला प्रश्न सांगितला. तो खूश झाला. आजवर ज्या ज्या देशात गेलो तिथं 'अमेरिका' म्हटलं की लोकांचं समाधान व्हायचं, गाव विचारणारा हा पहिलाच माणूस, असं म्हणाला. त्यानं गावाचं नाव सांगितलं. चाचांनी ते एकदा म्हणून पाहिलं, मान हलवली आणि पुढं वाटेत तीन ओळखीच्या लोकांना रिक्षा थांबवून तेच नाव ऐकवलं.

पालमच्या गाडीत मागच्या बाकावर, पाय मधल्या वाटेत सोडून, रोलंडनं मला आपली खरी अडचण सांगितली. दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली होती. कुठं हरभरा, कुठं तूर, आणि जिकडंतिकडं भरात आलेली ज्वारी. त्याचं लक्ष बाहेर नव्हतं. तुर्कस्तानातल्या एका लहान शहराच्या संघाचा उंच खेळाडू जायबंदी झाला होता. त्यांना मे महिन्यापर्यंत रोलंड हवा होता, तोही पुढच्या आठवड्यापासून. फिल नावाचा त्याचा एजंट रोज फोन करत होता आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याला हो की नाही ते हवं होतं. तो शनिवार होता.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

त्यानं फोनवर फोटो दाखवला. चौदा वर्षांची मुलगी, बापासारखेच लांब हात, शाळेच्या संघाचा गणवेश. तिचं नाव नोरा. ती यंदा पहिल्यांदाच संघात आली होती आणि तिचे सामने फेब्रुवारीअखेरपर्यंत चालणार होते. पुण्याहून थेट घरी येतो आणि उरलेले सगळे सामने बघतो, असा शब्द त्यानं तिला दिला होता. तुर्कस्तानचं तिला नुकतंच कळलं होतं. नोरा चौदा वर्षांची, आणि याचे परदेशातले हंगामही चौदा. याचा अर्थ मी त्याला समजावून सांगायची गरज नव्हती.

"पाय चालतात तोवर जायचं, हा आमच्या धंद्याचा नियम आहे, रेफ," तो म्हणाला. "पाय थांबले की निर्णय आपोआप होतो. चालत असताना नाही म्हटलं तर लोक विचारतात, का? आणि त्याला उत्तर नसतं."

"मुलगी हे उत्तर नाही?"

"फिलला नाही कळत ते. कधीकधी मलाही कळत नाही."

गावात पोचलो तर वेशीपासून शाळेपर्यंत हलगी. निम्म्या घरांना कुलपं होती. रोलंडच्या ते लगेच लक्षात आलं, मी मात्र कदमसरांनी सांगेपर्यंत पाहिलंच नव्हतं. दिवाळी झाली की इथली बरीच जोडपी ऊसतोडीला निघतात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागं म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं राहतात. कदमसरांच्या संघातल्या बहुतेक मुलींचे आईबाप त्या वेळी उसाच्या फडात होते.

सत्कार दोन तास चालला. आमच्याकडे पाहुण्याला उभं करून ठेवण्याची कला सर्वत्र सारखीच आहे, पण इथं ती विशेष विकसित झालेली दिसली. फेटा बांधणाऱ्याला आधी खुर्ची दिली, ती पुरली नाही म्हणून बाक दिला. शाल पाठीच्या मध्यावरच संपली. सात नारळ झाले. सात जणांनी भाषणं केली आणि प्रत्येकानं "जास्त वेळ घेत नाही" असं म्हणूनच सुरुवात केली. रोलंड शांतपणे उभा होता. त्याला एवढा वेळ उभं पाहूनच मी दमले, आणि मी तर खुर्चीत बसले होते.

मैदान शाळेमागं होतं. मुरूम टाकून, पाणी मारून, छान चोपलेलं. पालमच्या वेल्डरनं केलेला लोखंडी खांब, त्यावर पांढऱ्या रंगाची पाटी आणि रिंग. मागं मोकळं रान, शेजारी ना भिंत ना झाड. ऊन उतरायला लागलं होतं. सगळं गाव कडेनं बसलेलं. फेटा काढून रोलंड मैदानात आला आणि त्यानं चेंडू आपटून पाहिला. पहिला फेकला, तो रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत आला. दुसराही आखूड. तिसराही. चौथा गेला. गावानं टाळ्या वाजवल्या, मी मात्र त्याच्या पायांकडे पाहिलं. खेळाडूचे पाय थकले की चेंडू आखूड पडतो, ही आमच्या खेळातली बाराखडी आहे. रोलंडलाही ती येत होती.

मग कदमसरांनी माइकवरून जाहीर केलं की पाहुणे आता धावत येऊन, उडी मारून, वरून रिंगमध्ये चेंडू कोंबणार. हे पाहायलाच गाव जमलं होतं. पंचाच्या सवयीनं मी रिंगखाली, खांबाशी जाऊन उभी राहिले. रोलंडनं अंतर घेतलं, तीन लांब ढांगा टाकल्या आणि उडाला. चेंडू रिंगच्या कडेवर आदळून उंच उडाला आणि पार गुरांच्या गव्हाणीपाशी जाऊन पडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्यानं चेंडूच घेतला नाही. नुसता हात वर करून उडी मारली, आणि बोटं रिंगच्या खालीच राहिली.

 मग पहिल्या रांगेतून एका म्हाताऱ्यानं धीर दिला, "असू द्या. खाली उतरला मात्र ब्येस."

त्या संध्याकाळी कदमसरांच्या घरी पिठलं-भाकरी खाताना रोलंड विलक्षण मोकळा दिसत होता. मला वाटलं होतं तो खचला असेल. "रेफ, झालं," तो म्हणाला. "पाय थांबले. उद्या फिलला सांगून टाकतो." भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्यानं पिठल्यात बुडवला. सकाळी बसमध्ये जो माणूस गोंधळात होता तो हाच का, असं मला वाटलं. मला त्याच्यासाठी बरं वाटलं आणि त्याच्या पायांसाठी फार वाईटही वाटलं. मी खूप खेळाडूंना संपताना पाहिलं आहे, पण नारळांच्या ढिगाशेजारी नाही.

रविवारी सकाळी मी मैदानाकडे फिरत गेले. मुली सराव करत होत्या. एक सावळी, काटक पोरगी लांबून चेंडू टाकत होती आणि दहातले सात तरी आत जात होते. पण तिचा चेंडू जात होता कुठून? आभाळाला पाय लावून खाली येत होता. दुसरीचाही तसाच, तिसरीचाही. एवढी उंची देऊनही चेंडू रिंगमध्ये जेमतेम मावेल असा उतरत होता. तीस वर्षं ज्या डोळ्यांनी पंचगिरी केली ते डोळे एकदम जागे झाले. आदल्या दिवशी ते कुठं पेंगत होते, देव जाणे. मी मुलींकरवी गवंड्याची टेप मागवली आणि कदमसरांना शिडीवर चढवलं.

रिंग दहा फुटांवर असावी लागते. ती दहा फूट आणि वर अख्खी वीतभर होती.

कदमसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "मॅडम, मी दहाच फूट सांगितलं होतं. खांब रोवला तेव्हा मी परभणीला ट्रेनिंगला होतो. तात्या उभे होते इथं."

तात्या म्हणजे त्यांचे चुलते नामदेवतात्या. काल "खाली उतरला ब्येस" म्हणणारे तेच. त्यांना बोलावलं. आले, टेपकडे पाहिलं, आणि अजिबात न डगमगता म्हणाले, "मीच सांगितलं वेल्डरला, वर घे म्हणून."

"का, तात्या?"

"का म्हंजी? पाहुणा पावणेसात फुटाचा. त्यो येणार उडी मारत. वर लोखंड. डोक्याला लागलं असतं त्येच्या म्हंजी? गावात आणलेल्या पाहुण्याची खोक पडली तर गावाचं नाव काय ऱ्हातंय?"

 नियमांच्या पुस्तकात रिंगची उंची आहे, बोर्डाची जाडी आहे, पाहुण्याच्या डोक्याची काळजी कुठंच नाही. मी कपाळाला हात लावला. मुलींना मात्र हसू आवरेना, कारण पंधरा-वीस दिवस त्या या उंचावलेल्या रिंगवर घाम गाळत होत्या.

रोलंडला सांगायचं की नाही, असा विचारही माझ्या मनात आला नाही. चुकीचं माप पाहून गप्प बसणं हे माझ्या हाडात नाही. मी जाऊन त्याला उठवलं आणि मैदानात आणलं. तो रिंगखाली उभा राहिला, हात वर करून अंदाज घेतला आणि कारण ऐकल्यावर मुरमावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग तात्यांकडे गेला आणि त्यांच्यापुढं मस्तक झुकवून दाखवलं, डोकं शाबूत आहे म्हणून. तात्यांनी त्यावर समाधानानं हात फिरवला.

मग त्याचं हसू हळूहळू ओसरलं.

"म्हणजे पाय आहेत अजून," तो मला म्हणाला.

"आहेत. वीतभर खाली असती तर आरामात पोचला असतास."

"मग जावं लागणार."

कालपासून त्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता तो माझ्या टेपनं पुसून टाकला. संध्याकाळी फिलचा फोन येणार होता. मी खरं तेच केलं होतं, तरी मला स्वतःचा राग आला, हे कबूल करते.

दुपारी तात्यांनी आम्हाला शेतात हुरड्याला नेलं. काल पाहुण्याची फजिती झाली ती आपल्यामुळं, हे त्यांनी तोंडानं मान्य केलं नाही, पण हुरड्याचा बेत मात्र झाला. ज्वारीच्या ताटांतून चालताना रोलंड थांबला. कणसं त्याच्या डोक्याच्या वर झुलत होती. "मी कुणापेक्षा तरी ठेंगणा आहे, हे फार दिवसांनी कळतंय," तो म्हणाला. बांधावर आगटी (हुरडा भाजायचा शेणीच्या निखाऱ्यांचा खड्डा) पेटवून तात्यांच्या पत्नी कलाबाई बसल्या होत्या. भाजलेलं कणीस तळव्यांत चोळून हिरवे दाणे मोकळे करायचे, फुंकर मारून फोलकट उडवायचं आणि गरमागरम खायचे. सोबत जवसाची चटणी, गूळ, दही. रोलंडच्या तळव्यांत एका वेळी तीन कणसं मावतात हे पाहून कलाबाईंनी त्याला पाहुण्याच्या जागेवरून उठवलं आणि चोळायला बसवलं. "एवढे हात देवानं दिलेत ते काय नुसते खायला?" त्यांनी मला विचारलं. मी त्याला सांगितलं. तो निमूट चोळू लागला.

बोलता बोलता कलाबाईंनी विचारलं, ह्यो माणूस करतो काय? खेळतो, मी म्हणाले. ते कळलं, पर पोटापाण्याला? मी सगळं सांगितलं. वर्षातले सात-आठ महिने घराबाहेर, हंगामापुरता करार, एजंट ठरवील त्या गावी जायचं, बायको-मुलगी मागं. ऐकता ऐकता त्या दोघांच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा भाव आला. आतापर्यंत तो त्यांना अमेरिकन वाटत होता, आता वाटेनासा झाला.

"मुकादम हाय की त्येला," तात्या म्हणाले. टोळ्या जमवून उसाला नेतो तो मुकादम.

"फोनवरचा मुकादम," मी म्हणाले.

"आन बायकू संगं नेत न्हाई?" कलाबाई. "मग ह्यो अर्धा कोयता झाला."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं तोडायचं, तिनं मोळी बांधायची. एकटा गेला तर अर्धा. मी रोलंडला हे समजावलं. तो हातातलं कणीस चोळत म्हणाला, "चौदा हंगाम अर्धा कोयता. बरोबर आहे." मग त्यानं विचारलं, "तुम्ही पण जात होता?"

"ईस वरीस गेलो," तात्या म्हणाले. "आता पोरगा-सून जायलेत. ती सकाळी चेंडू आभाळात टाकायलती ना, ती त्येंचीच."

"मग तुम्ही का सोडलं?"

"पाठ गेली माझी."

कलाबाईंनी आगटीतलं कणीस उलटवलं. "पाठबिठ काई न्हाई."

"दुखायची की."

"दुखायची. लगीन झाल्यापासून दुखायची. तवा नाई सोडली तोड ती." त्या माझ्याकडं वळल्या. "बाई, धाकटीची धाव्वीची परीक्षा होती. मला म्हणली, आई, यंदा तू घरी ऱ्हा. ह्येंला मी म्हणलं, मी न्हाई येत. ह्ये म्हणले, मग मी अर्धा कोयता जाऊन काय करू? पर मुकादमाला काय सांगावं? पोरगी घरी बोलवायली म्हणलं तर त्येला कळत न्हाई. त्यो म्हणतोय, पोरी सगळ्यांलाच हायेत. पाठ म्हणलं की कळतंय. पाठ म्हणल्यावर कुणी इचारीत न्हाई."

"दुखायचीच पर," तात्या पुटपुटले.

हे सगळं मी रोलंडला शब्दाला शब्द लावून सांगितलं. तो ऐकत होता आणि चोळायचा थांबला होता, तळव्यातले दाणे निवून गेले. त्यानं एकच विचारलं, "मुकादमानं मानलं?"

"मानलं की," कलाबाई म्हणाल्या. "कुणाची पाठ कोण बघून आलंय? खा तुमी, थंड व्हायलंय."

संध्याकाळी परभणीच्या स्टेशनवर गाडीला अवकाश होता. फलाटाच्या टोकाच्या बाकावर आम्ही बसलो होतो, मध्ये कलाबाईंनी दिलेली हुरड्याची पिशवी. परतीच्या बसमध्ये मी तुर्कस्तानाचा विषय काढला नव्हता. माझं म्हणणं काय आहे ते त्याला ठाऊक होतं. पण निर्णय त्याचा होता, आणि खेळाडूच्या हातात चेंडू असताना पंचानं त्याला सल्ला द्यायचा नसतो. फोन वाजला. त्यानं तो मुद्दाम स्पीकरवर टाकला, मला ऐकू जावं म्हणून.

"नाही, फिल," तो म्हणाला. "जमणार नाही. काल एका गावात खेळलो. तीनदा उडी मारली, तीनदा रिंगला हात लागला नाही. शॉट सगळे आखूड. सगळं गाव बघत होतं."

 मग फिलचा आवाज आला, "मस्करी करतोस? पुण्यात तर तू बरा खेळलास."

रोलंडनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत विनंती नव्हती, नुसता प्रश्न होता. "इथं माझ्याबरोबर एक पंच आहेत," तो म्हणाला. "त्यांनाच विचार." आणि त्यानं फोन माझ्यापुढं धरला.

सकाळी ज्या बाईला वीतभर चूक सहन झाली नव्हती तीच ही बाई. मी घसा साफ केला.

"मी रिंगखालीच उभी होते," मी म्हणाले. "तीस वर्षं पंचगिरी केली आहे. त्याचा हात रिंगपर्यंत पोचला नाही. हे अगदी खरं आहे."

फिल हळहळला. सॉरी म्हणाला. सगळ्यांनाच एक दिवस हे होतं, चांगली कारकीर्द केलीस, काही लागलं तर सांग, असं बरंच मायेनं बोलला. थकलेल्या पायांबद्दल त्याच्याकडे शब्द तयार होते. त्यानं पुढं एकही प्रश्न विचारला नाही.

मी एकही शब्द खोटा बोलले नाही आणि तरीही एक धडधडीत फाउल सोडून दिला. याबद्दल मला तसूभरही वाईट वाटत नाही. मराठवाड्यात पाहण्यासारखं काय आहे, असं भिशीत विचारतील. देवळं आहेत, गोदावरी आहे, हुरडा तर आहेच. पण मी जे आणलं ते असं की जगात सगळीकडे मुकादम सारखेच असतात, आणि घरी राहायचंय असं त्यांना सांगता येत नाही, हे ओहायोच्या आणि पालमच्या माणसाला सारखंच ठाऊक आहे. रिंग उद्या वेल्डर खाली घेईल. आता पोरींचे चेंडू काही दिवस बोर्डावरून पलीकडे जातील, मग बसेल हात.

गाडी लागली, आम्ही चढलो. रोलंड खिडकीशी दुमडून बसला आणि त्यानं घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती, नोरानंच उचलला. त्यानं सांगितलं, तुर्कस्तान रद्द, येत्या शुक्रवारच्या सामन्याला मी बसायला येतोय. पलीकडे आनंद झाला असणार, पण लगेच तिनं काहीतरी काळजीनं विचारलं. आजवर बाप हंगामाच्या मध्येच घरी आला होता तो फक्त दुखापत झाली तेव्हा.

"नाही, बाळा, काही झालेलं नाही," रोलंड म्हणाला. "पाय अगदी ठणठणीत आहेत. म्हणूनच येतोय."